नमुना एकोणीस

उदगीरच्या कॉलेजात, मागच्या अंगाला,
जिथं म्हशींच्या एक्स-रेची खोली संपते,
तिथं माझं टेबल.
बर्फाचा ट्रे, ब्लेड, आणि कुत्र्याच्या पाठकण्यातली दोरी,
करंगळीहून बारीक,
कापली की पांढऱ्यात करडी खूण.
पुस्तकात तिला फुलपाखरू म्हणतात.
मला चिखलात उमटलेला शेळीचा खूर दिसतो.

सर दरवर्षी नव्या पोरांना तेच सांगतात:
पळणं सोपं, थांबवणं अवघड.
एक स्नायू आवळायचा तर समोरच्याला
कुणीतरी म्हणावं लागतं, तू गप बस.
ते म्हणणारं द्रव्य दोरीतच तयार होतं,
आणि गंमत म्हणजे
ज्या द्रव्यानं पेशी पेटते, त्यातूनच.
एक विकर येतं, त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून घेतं,
उच्छ्वासाएवढं काहीतरी,
की 'पळ'चं 'थांब' होतं.
दुसरं विकर मागून येऊन तो 'थांब' पुसत राहतं,
नाहीतर कुणी उठलंच नसतं जागेवरून.

आम्ही ही दोन विकरं मोजतो.
पिलांत, तरण्यांत, म्हाताऱ्यांत.
शिरूर ताजबंदच्या रस्त्यावर ट्रकखाली आलेले,
नगरपालिकेच्या गाडीतून आलेले,
दात बघून वय लिहायचं.
म्हाताऱ्यांत पहिलं विकर कमी भरतं.
आलेखाची रेघ उतरत जाते,
घाटात गिअर काढून सोडलेली एसटी जशी.

जानवळला नानांकडं चंडोल होता.
कारवानी, बरगड्या लांबून मोजाव्यात असा.
तरणा होता तेव्हा ससा दिसला
की अंगभर थरथरायचा, पण उठायचा नाही.
नाना म्हणायचे, 'ठैर.'
मग सावकाश बिडी पेटवायचे.
काडी विझेपर्यंत चंडोल थरथरत बसलेला.
मला वाटायचं, सगळा जोर पायांत असतो.

तेराव्या वर्षी तो झोपेत पळू लागला.
बाजेखाली, मागचे दोन्ही पाय, रात्रभर,
शहाबादी फरशीवर नखं.
हाक मारली तर कान हलायचे,
पाय ऐकेनात.
नाना फोनवर: 'ह्याला थांबता येईना गेलंय गं कालिंदा.'
मी म्हणाले, वय झालं.
काय किती कमी झालं असेल
ते दशांशापर्यंत सांगता आलं असतं मला.

तो गेला त्या दिवशी नाना त्याला टमटममधून घेऊन आले.
पोत्याखाली बर्फ, मासेवाल्याकडून मागून आणलेला.
लवकर गार व्हावं लागतं, हे मी कधी बोलले होते
ते त्यांनी ध्यानात ठेवलं होतं.
'काय मोजायचं ते मोजा. समदं नका घेऊ.'
मी कमरेजवळचं दोन इंच घेतलं.
बाकीचा त्यांनी परत नेला,
टमटमवाल्याला डबल भाडं देऊन.

चिठ्ठी: एकोणीस. नर. साडेतेरा. कंबर.

आकडा आला तो तरण्या कुत्र्याचा.
पुन्हा बघितलं. नळी तीच, चिठ्ठी तीच.
सर जेवायला गेले होते.
मी बाहेर येऊन फोन लावला,
नाना, त्याचा 'थांब' तर पुरेपूर होता.
पलीकडं शेळ्या, कुणाचा तरी ट्रॅक्टर,
मग ते म्हणाले,
'मंग त्यो पळायलता ते त्येच्या मनानं.'

संध्याकाळी सरांनी परत मोजायला लावलं.
बफर नवा, पीएच तपासलेला, तीन नळ्या.
तिन्हींचा आकडा खाली,
उतरत्या रेघेवर, जिथं असायला पाहिजे तिथंच.
सकाळी हात हलला असेल, सर म्हणाले.
वहीत पहिला आकडा मी खोडला, बाजूला सही केली.

नानांना त्यानंतर सांगितलेलं नाही.
नवं पिलू आणलंय त्यांनी,
रोज संध्याकाळी ओढ्याकाठी 'ठैर' शिकवायलेत.
अजून ऐकत नाही म्हणे.